एकविसाव्या दिवसाचा अर्ज

अर्जदार: सौ. मंगल (नाव बदलले आहे), वय छत्तीस, व्यवसाय ब्लाउज शिवणे, राहणार केडगाव. गैरअर्जदार: नगर शहरातील एक प्लास्टिक सर्जन डॉक्टरबाई. साक्षीदार क्रमांक एक: अर्जदाराची थोरली नणंद सुशीला. साक्षीदार क्रमांक दोन: अर्जदाराची मेजरटेप, तिला साक्षीत घ्यावे हा आग्रह माझाच. घटनेचा दिवस: सोमवार, ऑपरेशनपासून एकविसावा. वेळ: दुपारचे साडेतीन. स्थळ: कचेरीबाहेरील पत्र्याच्या शेडमधले माझे टेबल. लिहिणार: मी, अर्जनवीस, शिक्षण नववी, अनुभव अठ्ठावीस वर्षे.

अन्याय कोणता झाला हे माणसाला ठाऊक असते. तो कोणत्या साहेबाला, कोणत्या शब्दांत कळवावा हे ठाऊक नसते. ते काम अर्जनवीस करतो.

मंगलबाई बाकावर बसल्या नाहीत. उजवा कोपर बरगडीशी धरून उभ्याच राहिल्या.

"भाऊसाहेब, आवाज बारीक ठेवा. गावात कुनाला ठाव न्हाई."

"तक्रार काय?"

नणंदबाई पुढे झाल्या. "डॉक्टरनीनं हिची वाट लावली. एक बाजू वर, एक खाली. लिवा."

हकिकत अशी. मंगलबाईंचा उजवा स्तन वयात येतानाच पुरता वाढला नव्हता. वीस वर्षे त्यांनी साऱ्या केडगावचे ब्लाउज मापात शिवले आणि स्वतःच्या ब्लाउजला एका बाजूने कापसाची गादी लावली. शेवटी ऑपरेशन केले. यात पूर्ण भूल देतात, स्तनाखाली छेद घेतात आणि छातीच्या स्नायूमागे सिलिकॉनची पिशवी बसवतात. एकवीस दिवसांनी उजवी बाजू डावीपेक्षा पाऊण इंच वर होती. हे त्यांनी टेपने मोजले होते. रोज सकाळी. ऑर्डरच्या वहीत लिहून ठेवले होते.

असा पुरावा अठ्ठावीस वर्षांत माझ्याकडे आला नव्हता.

दवाखान्याचा कागद इंग्रजीत, चार पानी. मी अडखळत पहिली दोन पाने वाचली. सूज येईल. घट्ट वाटेल. स्तनाग्र काही काळ, क्वचित कायमचे, बधिर राहील. हात खांद्याच्या वर उचलू नये. पिशवी सुरुवातीला वर दिसेल, खाली बसायला तीन महिने लागतील.

"पाहा," मी म्हणालो, "यांनी लेखी कबुलीच दिली आहे."

"म्हंजे हे समद्यांनाच व्हतं का?" मंगलबाईंनी विचारले.

"ते वरिष्ठ ठरवतील. तुम्ही मात्र नोटीस निघेपर्यंत त्या दवाखान्याची पायरी चढू नका. त्यांनी हात लावला की पुरावा बदलतो."

शेताच्या वादात हा सल्ला बरोबर असतो. पंचनाम्याआधी बांध हलवू नये. बांधाचा नियम मी बाईच्या अंगाला लावला.

"पन भाऊसाहेब, लई ठणकतंय."

"ते परिच्छेद सहामध्ये घेतले आहे."

साडेचार झाले. पाचला आवक खिडकी बंद होते. तिथला शिक्का बसल्याशिवाय अर्ज म्हणजे नुसता कागद. मला घाई होती. पण वाचून दाखवल्याशिवाय मी सही घेत नाही. एरवी मी खणखणीत आणि भरभर वाचतो. त्या दिवशी, वहीवरून उतरवलेला घटनाक्रम दोघींसाठी खाली वाकून, हळू वाचावा लागला.

"दिवस दहावा, सूज कमी. दिवस सतरावा, आणखी पाव इंच कमी. दिवस अठरावा, अर्धा इंच वाढ. दिवस एकोणिसावा, ताप. दिवस विसावा, उजवी बाजू गरम. दिवस एकविसावा, लाल, कापड सोसवत नाही."

"थांबा," नणंदबाई म्हणाल्या. "उतरत हुतं ते परत चढलं? अन् ताप? मंगल, मला का न्हाई बोललीस गं?"

"वन्सं, तुमीच म्हनला असता, हौस नडली."

नणंदबाईंनी पदर तोंडाशी धरला. मी उगाच कागद चाळू लागलो आणि चौथे पान उघडले. तळाशी चौकट होती. ताप, लाली, एका बाजूची वाढती सूज, यांपैकी काहीही दिसल्यास ताबडतोब, त्याच दिवशी यावे. खाली फोन नंबर. चौकटीतला 'इमिजिएटली' हा शब्द मी स्वतः हजार नोटिशींत घातला आहे.

आज तिसरा दिवस होता.

"अर्ज राहू द्या. रिक्षा बघा."

"आत्ताच म्हनत हुता ना, पायरी चढू नका?"

"ते बांधाचे बोललो होतो, बाई. चला!"

घटनाक्रमाचे पान मी सोबत घेतले. डॉक्टरबाईंनी ते उभ्या उभ्याच वाचले. "शनिवारी ताप आला. फोन का नाही केला?"

"वाटलं, आसंच आसतंय."

"ऑपरेशन करून घ्यायला घाबरला नाहीत, फोन करायला घाबरलात!" मग माझ्याकडे वळून, "तारीखवार कोणी लिहिलं?"

"मीच. आपल्याविरुद्ध होते."

त्या हसल्या नाहीत. जंतुसंसर्ग झाला होता. शिरेतून औषध सुरू झाले. पिशवी टिकेल असे आज सांगत नाही, म्हणाल्या. न टिकल्यास ती काढायची, काही महिने थांबायचे, मग पुन्हा ऑपरेशन. चार दिवस माझे टेबलावर लक्ष लागले नाही. साध्या उताऱ्याच्या अर्जात मी दोनदा चुकलो. पाचव्या दिवशी नणंदबाईंचा फोन आला. ताप उतरला होता, पिशवी राहिली होती.

तीन महिन्यांनी मंगलबाई आल्या. बाकावर बसल्या. दोन्ही बाजूंत फरक पाव इंच.

"तेवढा कुनालाबी आसतो, भाऊसाहेब. मापं मी घेते बायांची."

पिशवी जन्मभराची नसते, कधी भोवती कडकपणा येतो, कधी बदलावी लागते, तपासण्या चुकवायच्या नाहीत, हे त्यांना आता तोंडपाठ आहे. "शिलाई मशीनचंबी तसंच हाय," म्हणाल्या.

सबब, समस्त सर्जन मंडळींना विनंती की, चौथ्या पानावरील चौकट पहिल्या पानावर, मराठीत, ठळक अक्षरांत छापावी. माझ्या व्यवसायबंधूंना विनंती की, अर्जदाराला ताप आहे काय, हे आधी विचारावे आणि पुराव्याचे नंतर पाहावे.

पहिली विनंती त्याच दवाखान्यात मी रीतसर लेखी दिली आहे. पोच मिळाली आहे. उत्तराची वाट पाहत आहे. ते लवकर मिळावे.

सोबत: मूळ तक्रार अर्ज, एक प्रत, सही नसलेला.