व्होल्टमीटरचं शेवटचं रीडिंग

आज कॉलेजच्या अडगळीत लाकडी पेटीतला जुना व्होल्टमीटर सापडला आणि हुमनाबादची आमची प्रयोगशाळा आठवली, ॲसिडच्या उग्र वासाची, पत्र्याखाली तापलेली. माझी मैत्रीण काटा स्थिर होईस्तोवर श्वास रोखून धरायची. त्या दुपारी तिचे वडील दारात आले. “चल, पाव्हणे बसलेत. पोरगा पुण्याला कंपनीत हाय.” “अप्पा, एकच रीडिंग राहिलंय.” “आता कामून पायजे ते?” वाकून तिनं काटा वाचला, माझ्याच वहीत आकडा लिहिला आणि गेली. परीक्षेला तिची जागा रिकामी होती. मी पास झाले, शिकवू लागले. त्या दुपारी प्रयोग घेणारे आमचे सर शेजारीच उभे होते. तिला थांबवा, एवढंही मी त्यांना म्हटलं नाही.