पोळ्याच्या मानाची जीप

दिनकररावांची आणि या ओळी लिहिणारीची ओळख त्यांच्या गोठ्यात झाली. उतारवयात ती लेकीकडे, पालमजवळच्या त्या गावात राहावयास आली, त्या वर्षी तेथे प्रौढ स्त्रियांसाठी साक्षरतेचा वर्ग निघाला होता. वर्गास जागा हवी होती. दिनकररावांनी आपला गोठा दिला आणि त्याबद्दल वर्गाचे अध्यक्षपद घेतले. गोठ्यात बैल नव्हते. दावणीपाशी एक जीप उभी होती. तिच्या टायरांना पाठी टेकून बाया अक्षरे गिरवीत आणि मागच्या बाकाखाली कोंबडी अंडी घाली. दिनकररावांच्या पत्नी धुरपताबाई याच वर्गात शेजारी बसत. पुढील हकिकत काही त्यांच्याकडून आणि काही गावाकडून ऐकून, दोन्ही पडताळून लिहिली आहे.

दिनकरराव हे गावातील मोठे शेतकरी. परंतु जमिनीपेक्षाही त्यांना प्रिय होता तो पोळ्याचा पहिला मान. पोळ्याच्या दिवशी गावचे सगळे बैल सजून वेशीबाहेर जमत. वेशीला आंब्याच्या पानांचे तोरण बांधलेले असे. हलगी वाजू लागली की सर्वांत आधी दिनकररावांची जोडी तोरणाखालून गावात शिरे, आणि मगच बाकीच्या. दुसरा क्रमांक त्यांचे चुलतभाऊ दत्तराव यांचा. दत्तरावांच्या वडिलांचा जन्म दिनकररावांच्या वडिलांच्या बैलांच्या शेपट्या पाहण्यात गेला होता आणि दत्तरावांचाही त्याच वाटेने चालला होता. दिनकररावांना वर्षातील सर्वांत गोड घास लागे तो पुरणपोळीचा नव्हे, तर वेशीत मागे वळून दत्तरावांच्या तोंडाकडे पाहण्याचा.

सन एकोणीसशे सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात या गृहस्थांच्या डोक्यात जीप शिरली. त्यास दोन कारणे झाली. एक असे की विद्यापीठाच्या नामांतराच्या बाजूने मोर्चा निघाला की एस.टी. बंद पडे आणि विरोधात निघाला तरी बंद पडे. नामांतराविषयी दिनकररावांचे मत काय होते हे गावाला शेवटपर्यंत कळले नाही, कारण ते समोरच्या माणसाप्रमाणे बदलत असे. परंतु बंदच्या दिवशी आपल्या दारात गाडी असावी, हे मत मात्र त्यांनी सर्वांसमोर सारखेच मांडले. दुसरे कारण असे की तालुक्याला जो जो पुढारी येई, तो जीपमधून उतरे. उतरताना तो आधी एक पाय बाहेर काढी, थोडा थांबे, आणि मग काळा चष्मा पुशी. दिनकररावांपाशी चष्मा नव्हता, पण पाय होते.

जीप घ्यावयाची तर घरातील काहीतरी काढणे भाग होते. जमीन काढली तर लोक नावे ठेवतील, म्हणून त्यांनी गुलब्या आणि बाज्या ही तांबडी कंधारी जोडी काढली आणि शेत बटईने, म्हणजे पिकाच्या वाट्यावर, लावून दिले. जोडी घेतली मुंजाजीने. हा गरीब शेतकरी दसरा झाला की बैलगाडी जुंपून बायकोसह ऊस तोडावयास कारखान्यावर जाई. त्याने दोन्ही बैलांच्या पाया पडून कासरा हातात घेतला.

धुरपताबाईंनी एवढेच विचारले, "आन् पोळ्याला काय मिरवायचं?"

"पोळ्याला बगू."

"काय बगू? दत्तरावची पाठ?"

दिनकररावांनी उपरणे झटकले आणि ते परभणीस गेले.

तेथे बन्सीधर नावाचा एक गाड्यांचा दलाल होता. त्याच्याकडे लष्कराच्या लिलावातून निघालेली जीप उभी होती. वर कापडी छत, अंगावर हिरवा रंग आणि त्या रंगाखालून डोकावणारे गंजाचे डाग. दिनकररावांनी आयुष्यात फक्त बैलच विकत घेतले होते आणि त्या विद्येवर त्यांचा पूर्ण भरवसा होता. त्यांनी जीपच्या भोवती प्रदक्षिणा घातली. टायरांवर थापा मारल्या. पुढे बसून तिच्या जाळीत दात मोजावेत तसे पाहिले. मागून थोडे दुरून उभे राहून चालवून दाखवावयास सांगितले.

"चाल बरी हाय," ते म्हणाले. "खोड काय हाय का?"

"खोड म्हणाल तर एकच," बन्सीधर म्हणाला. "पानी लय पिती."

"पानी बैलबी पितोच की. मारकी?"

"अजाबात न्हाई. लेकरानं हात लावावा."

"चिखलात बसती का?"

"चिखलात? मालक, बाकीच्या गाड्यांना दोन चाकांचा जोर. हिला चारी चाकांचा. चिखल म्हंजी हिला लोणी. फकस्त ही बारकी दांडी बगा. ही वढली की चारी चाकं कामाला लागत्यात. पर उगी वढू नका. ही अडचणीतल्या माणसासाठी हाय."

मग उपरण्याखाली हात गेले, बोटे दाबली गेली, माना हलल्या, आणि बाजारातल्या रीतीने सौदा झाला. गाडीचे झाकण उघडून आत काय आहे हे कोणी पाहिले नाही. बैल घेताना त्याचे पोट कोण फाडून पाहतो?

बन्सीधरच्या माणसाने त्यांना गाडी हाकावयास शिकविले. जीप गावात आली त्या दिवशी रान कोरडे होते, त्यामुळे धुळीखेरीज काही अडले नाही. दारात धुरपताबाई भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या. तुकडा ओवाळून टाकण्यापूर्वी त्यांनी गाडी नीट पाहिली.

"हिला दारं कुठं हायती?"

"हिला दारं नसत्यात."

"मंग रातच्याला कुत्रं शिरंल की."

"अगं, ही लष्करातली हाय! युद्ध बगितलंय तिनं!"

"दिसायलंय तिच्याकडं बगून."

पुढच्या बाजाराच्या दिवशी दिनकररावांनी पत्नीस जीपमधून पालमला नेले. वाटेत धुरपताबाईंच्या डोक्यावरचा पदर एकदाही डोक्यावर राहिला नाही, आणि बाईही बाकावर फार वेळ राहिल्या नाहीत, कारण प्रत्येक खड्ड्याला त्या वर जात आणि खाली येईपर्यंत बाक पुढे गेलेला असे. बाजारात पोहोचल्यावर दिनकररावांनी आधी एक पाय बाहेर काढला आणि ते थोडे थांबले. पाहणारे कोणी नव्हते. पाण्याची वाफ मात्र जाळीतून फसफसत होती. धुरपताबाई परत येताना एस.टी.ने आल्या.

श्रावण संपत आला तसा मानाचा प्रश्न पुढे आला. मारुतीच्या पारावर बैठक भरली. गावातील वडीलधारे सूर्यभानतात्या मध्यभागी बसले.

दत्तराव म्हणाले, "दादांकडं बैल न्हाईत. मंग मान आपसूक माझ्या जोडीला आला. न्हाई का तात्या?"

"मान बैलाचा नसतो, घराचा असतो," दिनकरराव म्हणाले. "माझ्या घरातून जे निगंल ते म्होरं जाईल. यंदा जीप निगंल."

"जीपला शिंगं कुठं हायती?" कोणीतरी मागून विचारले.

"दिवे हायती. दिवे रंगवू."

लोक हसले. दिनकरराव हसले नाहीत. ते शांतपणे म्हणाले, "तात्या, तुमच्या नातीचं लगीन कवा हाय?"

सूर्यभानतात्यांनी खाकरून घसा साफ केला. नातीची वरात जीपमधून काढण्याचे त्यांनी जावयास कधीच सांगून ठेवले होते. बैठकीत दुसऱ्या कोणाचा बाप आजारी होता, कोणाची बहीण बाळंतपणाला येणार होती. रीत म्हणजे काय, यावर बराच वेळ गंभीर चर्चा झाली आणि अखेरीस सर्वानुमते असे ठरले की जीप हेही एका अर्थाने जनावरच आहे. दत्तराव उठून निघून गेले.

पोळ्याच्या आदल्या सायंकाळी बैलांची खांदमळण असते. वर्षभर जू वाहिलेला खांदा हळद-तुपाने चोळावयाचा आणि बैलाच्या कानात म्हणावयाचे, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. दिनकररावांनी पत्नीस वाटी घेऊन गोठ्यात बोलाविले.

"चोळ."

"कुठं चोळू? खांदा दावा हिचा."

दिनकररावांनी विचार करून पुढचे झाकण दाखविले. धुरपताबाईंनी त्यावर तुपाचा हात फिरविला.

"आन् आवतण कुठं देऊ? कान?"

"भोंग्यापाशी म्हण."

"अहो, इतकी वर्सं मी गुलब्याच्या कानात सांगितलं. त्यो कान हालवायचा. ही काय हालवंल?"

"म्हण म्हणलं तर म्हण की!"

धुरपताबाईंनी भोंग्यापाशी तोंड नेऊन आवतण दिले. त्या म्हणतात की त्या क्षणी त्यांना जेवढी लाज वाटली तेवढी लग्नातही वाटली नव्हती.

पोळ्याच्या सकाळी पाऊस पडून गेला. वेशीबाहेरची काळी माती मऊ झाली. दुपारनंतर बैल जमू लागले. सर्वांच्या पुढे जीप होती. दिव्यांना हिंगूळ फासलेला, झाकणावर झूल, समोरच्या काचेला बाशिंग. दिनकरराव गुलाबी फेटा बांधून चाकावर हात ठेवून बसले होते. मागे दत्तरावांची जोडी, त्यामागे बाकीच्या आणि अगदी शेवटी मुंजाजी. त्याच्या हातात गुलब्या आणि बाज्या होते.

सूर्यभानतात्यांनी हात वर केला. हलगी कडाडली. दिनकररावांनी मागे वळून दत्तरावांच्या तोंडाकडे पाहिले. वर्षाचा तो घास त्यांनी सावकाश घेतला, आणि मग पाय दाबला.

जीप गरजली. मागची चाके जागच्या जागी फिरली. त्यांनी उडविलेला चिखल नेमका दत्तरावांच्या पांढऱ्या धोतरावर बसला. जीप मात्र तसूभर हलली नाही.

"दादा!" दत्तराव धोतर झटकत ओरडले. "ती बारकी दांडी वढा की!"

गावात सर्वांना ती दांडी ठाऊक होती, कारण दिनकररावांनी स्वतःच सर्वांना तिचे वर्णन ऐकविले होते. ती अडचणीतल्या माणसासाठी असते, हेही त्यांनीच सांगितले होते. आता सबंध गावासमोर, दत्तरावांच्या सांगण्यावरून, ती ओढणे म्हणजे आपण अडचणीत आहोत असे कबूल करण्यासारखे होते.

"तिची गरज न्हाई," ते म्हणाले, आणि त्यांनी पाय आणखी जोरात दाबला. चाके आणखी खाली गेली.

"वढा दांडी! वढा!" आता सगळे ओरडू लागले.

"गरज न्हाई म्हणलं ना!"

हलगीवाला वाजवीत राहिला, कारण त्यास थांब असे कोणी म्हटले नाही. आणि त्या आवाजाने शेवटी उभ्या असलेल्या गुलब्याने मान वर केली. बाज्याने कान टवकारले. हलगी वाजली की आपण निघावयाचे, एवढे त्या दोघांना पक्के ठाऊक होते. मालक बदलला हे त्यांना ठाऊक असेल, पण जागा बदलली हे कोणी सांगितले नव्हते. ते चालू लागले.

"हो, हो! आरं थांबा बाबांनो!" मुंजाजी कासऱ्याला लोंबकळत मागून फरपटत आला. "बाजूला व्हा, ऐकत न्हाईत!"

दत्तरावांनी संधी ओळखली. त्यांनी आपल्या बैलांना पुढे रेटले, शेपट्या पिरगाळल्या. परंतु ती जोडी हलेना. तीही आजवर दुसरीच जात आली होती. गुलब्या आणि बाज्या शेजारून पुढे गेले, जीपला वळसा घालून तोरणाखालून शांतपणे गावात शिरले, आणि मगच दत्तरावांचे बैल, धन्याच्या शिव्या खात, त्यांच्या शेपट्या पाहत निघाले. मागोमाग सगळे गाव गेले. जीपच्या दोन्ही बाजूंनी शिंगे वाहत होती.

तेव्हा दिनकररावांनी दांडी ओढली. परंतु एव्हाना जीप पोटावर बसली होती आणि चारही चाके सारख्याच जोराने चिखल उडवू लागली.

मारुतीला फेरी घालून बैल आपापल्या घरी गेले. गुलब्या आणि बाज्याही आपल्या घरी गेले, म्हणजे दिनकररावांच्या दारी. धुरपताबाई जीपसाठी ताट घेऊन उभ्या होत्या. मुंजाजीचा जीव अर्धा झाला.

"काकू, म्या न्हाई आणलं ह्यांस्नी. ह्यांनीच मला आणलं."

"आवतण दिलं व्हतं तसं," धुरपताबाई म्हणाल्या. त्यांनी बैलांचे पाय धुतले, कुंकू लावले आणि पुरणपोळ्या पुढे केल्या. "तूबी बस. पान वाढते."

दिनकरराव चालत आले. एक चप्पल चिखलात राहिली होती. फेटा सुटून गळ्यात आला होता. त्यांच्या मागून दत्तराव आणि सूर्यभानतात्याही आले, कारण मान कोणाचा हे ठरावयाचे होते.

"मान घराचा म्हणलं व्हतं तुमी," सूर्यभानतात्या म्हणाले. "आता बैल मुंजाजीच्या घरचे. मंग मान मुंजाजीचा. काय दत्तराव?"

दत्तरावांना मुंजाजीच्या मागे चालणे मुळीच रुचणारे नव्हते. परंतु दिनकररावांच्या मागे न चालण्याचा आनंद त्याहून मोठा होता. "बराबर हाय," ते म्हणाले.

मंडळी गेली. दिनकरराव ओट्यावर बसून बैलांकडे पाहत राहिले. गुलब्याने पोळी खाताना मान वर केली नाही.

"मुंज्या, जोडी परत दे. मी जीप इकतो."

"कोण घेईल ती?" आतून धुरपताबाई म्हणाल्या.

मुंजाजी हातातला घास ताटात ठेवून म्हणाला, "मालक, कारखान्याची उचल घेतलीय. बैल न्हाई न्हेलं तर बायकोला अन् मला जू धरावं लागंल. जोडी न्हाई देता येत."

 वेशीकडे जीपच्या बाशिंगाला शेळ्या लागल्याची बातमी आली, तरी दिनकरराव उठले नाहीत. पुढे ऊन पडून चिखल वाळल्यावर लोकांनी ती ढकलून गोठ्यात आणली आणि तेव्हापासून ती तेथेच आहे. सूर्यभानतात्यांच्या नातीची वरात पायी निघाली.

त्या दिवशी मुंजाजी जेवून उठला. त्याने कासरा हातात घेतला. बैल दारातून निघेनात, म्हणून धुरपताबाईंनी त्यांच्या पाठीवर थाप मारून त्यांना बाहेर घातले. ते अंगणाच्या टोकाशी गेले तेव्हा दिनकरराव अनवाणीच खाली उतरले आणि म्हणाले, "मुंजाजी, म्होरल्या पोळ्याला तुमचे बैल आमच्या दारावरून न्या."