दृष्ट लागू नये म्हणून

लेस्टरच्या एका हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट असलेली सुप्रभा दिवसभर लोकांचं तोंडभरून कौतुक करत असते. नवा गुडघा बसवलेले आजोबा वॉकर धरून पलंगापासून खुर्चीपर्यंत आले की ही टाळ्या वाजवणार. एखाद्या आजीबाईंनी पाय नुसता हलवला तरी वाहवा. पण घरी आल्यावर हीच बाई स्वतःच्या मुलाबद्दल दोन चांगले शब्द बोलेल तर शपथ.

यात तिचा एकटीचा दोष नाही. ती सांगलीची. बोर्डात आली तेव्हा पेढे घ्यायला आलेल्या शेजाऱ्यांना तिच्या आईने सांगितलं होतं, "कसली हुशार हो, पेपर सोपे होते." आपल्या पोराचं आपणच कौतुक केलं की त्याला दृष्ट लागते, हे सुप्रभा तिथे शिकली आणि विमानाने इकडे घेऊन आली. लोणच्याची बरणी कस्टम्सवाल्यांनी काढून घेतली, हे मात्र सुखरूप पोचलं.

तिचा मुलगा अंशुमन गोलकीपर. अठराव्या वर्षी इथल्या एका क्लबच्या अकॅडमीने त्याला नारळ दिला. वर्षभर तो सुपरमार्केटात शेल्फं भरत होता. मग एस्टोनियातल्या एका छोट्या गावच्या क्लबचं बोलावणं आलं. तिथली दुसऱ्या श्रेणीची लीग, मार्च ते नोव्हेंबर असा एका सीझनचा करार. "एस्टोनियात फुटबॉल खेळतात?" त्याचे बाबा, चंद्रशेखर, यांनी विचारलं. बरीच वादावादी होऊन शेवटी घरात तह झाला. क्लबने पुढच्या वर्षी ठेवून घेतलं तर उत्तम, नाहीतर ग्लव्ह्ज कपाटात आणि मुकाट्याने युनिव्हर्सिटी.

त्या दिवसापासून मॅच असली की जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप आला. मैदानामागे पाइनची झाडं, एका बाजूला लाकडी बाकं, आणि प्रेक्षक लग्नातल्या एका पंगतीत बसतील एवढे. कॉमेंट्री एस्टोनियन. त्यात मधूनच 'अन्सूमान' असं काहीतरी ऐकू आलं की चंद्रशेखर चष्मा सावरून पुढे सरकायचे. पेनल्टी आली की सुप्रभा उठून भांडी घासायला जायची. "अडवला गं!" असा आवाज आला की हात पुसत परत यायची आणि म्हणायची, "त्याच्या अंगावरच मारला होता."

सप्टेंबरात कोचचा व्हिडिओ कॉल आला. टार्मो त्याचं नाव. पुढचा करार ठरवण्याआधी परदेशी मुलांच्या घरच्यांशी बोलायचं, अशी त्याची पद्धत. माणूस मितभाषी. बोलणं अर्थातच इंग्रजीत.

"तुमचा मुलगा चांगला खेळतो," तो म्हणाला.

"छे हो, नशीब!" सुप्रभा म्हणाली.

"आमचा हिवाळा मोठा असतो. बाहेरची मुलं कंटाळून परत जातात. हा टिकेल?"

"हा? यानं तबला सोडला, पियानो सोडला, कराटे सोडलं. नुसती धरसोड. आणि आळशी म्हणाल तर विचारू नका."

समोर एखादी मराठी बाई असती तर ती लगेच म्हणाली असती, "काहीतरीच तुमचं, किती गुणी मुलगा!" आणि दोघी समाधानाने चहाकडे वळल्या असत्या. टार्मोने मान हलवली. "खरं सांगितलंत, आभारी आहे," एवढंच म्हणून त्याने कॉल बंद केला.

पुढच्या मॅचला गोलमध्ये दुसराच एक उंच मुलगा उभा होता. त्याच्या पुढच्या मॅचलाही तोच. रविवारी अंशुमनचा फोन आला.

"आई, तू काय सांगितला कोचला? तो म्हणतो, युअर मदर नोज यू बेस्ट. नेक्स्ट इयरसाठी ते दुसऱ्या कीपरला ट्राय करतायत."

"अरे, आपण म्हणतो ना, तसंच म्हटलं मी."

"इकडे तसं नसते, आई. लोक जे बोलतात ते दे मीन इट."

तो चिडला असता तर तिला चाललं असतं. तो फक्त थकल्यासारखा बोलत होता. मुलाला दृष्ट लागू नये म्हणून आयुष्यभर जपलं आणि शेवटी आपणच त्याच्या आड आलो, असं तिला वाटलं.

"आता तूच बोल त्याच्याशी," चंद्रशेखर म्हणाले. "आणि एकदाही 'पण' म्हणू नकोस."

दुसऱ्या दिवशी लंच ब्रेकमध्ये तिने रिकाम्या ट्रीटमेंट रूममधून टार्मोला फोन लावला.

"मी तुम्हाला चुकीचं सांगितलं," ती म्हणाली. "आमच्यात आपल्या मुलाचं आपण कौतुक करत नाही."

"मग खरं काय?"

खोलीत कोणी नव्हतं, तरी सुप्रभाने मागे वळून बघितलं.

"क्लबने काढल्यावर तो वर्षभर रोज शिफ्टच्या आधी पार्कात जायचा," ती बोलायला लागली. "बर्फ असो, काही असो. भिंतीवर बॉल मारायचा आणि अडवायचा. बोटं सुजायची, मी बांधून द्यायचे. कोणी बघत नव्हतं, कुठून बोलावणं येईल अशी आशाही नव्हती. तबला त्याला आवडत नव्हता, आम्हाला हवा होता. हे त्याचं स्वतःचं आहे. तो टिकेल." मग तिने श्वास घेतला. "फार चांगला मुलगा आहे माझा."

"शनिवारी खेळवतो," टार्मो म्हणाला. "पुढचं त्याच्या हातात."

शनिवारी पाऊस होता. अंशुमनने सुरुवातीलाच एक गोल खाल्ला. मग मात्र तो असा काही खेळला की चंद्रशेखर खुर्चीत बसेनात. पेनल्टी आली तेव्हा सुप्रभा जागची हलली नाही. ती त्याने अडवली नाही, बॉल बारला लागून बाहेर गेला, तरी दोघं ओरडलीच. त्यानंतर सीझन संपेपर्यंत गोलमध्ये तोच होता. क्लब लीगमध्ये कुठेतरी मधे राहिला, ना वर गेला ना खाली, आणि नोव्हेंबरात अंशुमनला आणखी एका वर्षाचा करार मिळाला.

ती बातमी त्याने मेसेजने कळवली. सुप्रभाने लगेच फोन लावला.

"अंशू, तू फार सुंदर खेळलास रे. मला तुझा खूप अभिमान वाटतो."

पलीकडून घाबराघुबरा प्रश्न आला, "आई, काय झाला? बाबा ओके आहेत ना? तू हॉस्पिटलमध्ये आहेस का? आय मीन, ऍज अ पेशंट?"

सुप्रभाला आधी हसू फुटलं, मग तिने फोन कानाशी आणखी घट्ट धरला.

"कोणाला काही झालेलं नाही, राजा," ती म्हणाली. "घाबरू नकोस. परत सांगते, नीट ऐक."