चौथं कारण

मोरेश्वर घाटे ओहायोच्या पूल खात्यातून निवृत्त झाले, त्याला चौदा वर्षं झाली. तेव्हापासून त्यांनी एकच विषय धरला होता: युरोपचे दर्यावर्दी घरदार सोडून निघाले तरी कशासाठी? ओहायोतल्याच डब्लिन गावच्या लायब्ररीतली पुस्तकं त्यांनी पालथी घातली. पण हा नाद पुस्तकांनी लावला नव्हता. अकरा वर्षांच्या यशला नागपूरच्या शाळेतून, आजीच्या कुशीतून उचलून इथे आणलं, त्या पहिल्या हिवाळ्यात त्यानं विचारलं होतं, "बाबा, आपण का आलो?"

"मोठा झालास की सांगेन," मोरेश्वर म्हणाले होते.

यश आता सत्तेचाळीस वर्षांचा होता.

तिथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमात मोरेश्वरांना बोलायला वीस मिनिटं मिळाली, तीही जेवणाआधीची. कारणं त्यांनी चार काढली होती. मिरी, धर्म, राजाची मर्जी. आणि चौथं शेवटच्या पानावर: शेजाऱ्याचं गलबत भरून परत आलं, ते पाहून घरी बसवेना. त्याखाली पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'सुमंत गेला, म्हणून मीही.' सुमंत हा नागपूरच्या ऑफिसातला त्यांचा सोबती. ओहायोहून त्याचा नव्या गाडीला टेकून काढलेला फोटो आला होता, एवढंच. हे यशनं चारचौघांत ऐकावं, म्हणजे घरी समोरासमोर सांगायला नको, म्हणून सगळा खटाटोप.

यश आला, मागच्या रांगेत बसला. मोरेश्वर मिऱ्यांवर बोलू लागले आणि तिथेच रमले. हॉलभर मसालेभाताचा वास सुटला.

"काका, भातात पडली का मिरी, तेवढं बघा!" मागून कुणीतरी म्हणालं. लोक हसले. मोरेश्वर गडबडले, दोन पानं एकदम उलटली, पुन्हा मागे आले. कसेबसे राजापर्यंत पोचले, तोच सेक्रेटरी पद्मजानं घंटा वाजवली.

"सॉरी हं काका. पण घंटा झाली की थांबायचं, हा तुमचाच रूल ना? तुम्ही सेक्रेटरी होता तेव्हाचा!"

खरं होतं. मोरेश्वरांनी पानं गोळा केली.

परतताना गाडीत यश म्हणाला, "छान झालं, बाबा. ब्लॅक पेपरचं, म्हणजे मिऱ्यांचं, एवढं सगळं मला माहीतच नव्हतं. पण तुम्ही फोर रीझन्स म्हणालात, तीनच झाली. शेवटचं काय होतं?"

सिग्नल लाल होता. यशनं गाडी थांबवून त्यांच्याकडे पाहिलं, त्या हिवाळ्यात पाहिलं होतं तसंच. पानं मांडीवरच होती. नुसतं शेवटचं पान पुढे केलं असतं तरी भागलं असतं.

"वारा," मोरेश्वर म्हणाले. "वारा अनुकूल होता."

"ओके. मेक्स सेन्स."

सिग्नल हिरवा झाला. मोरेश्वरांनी ते पान चार घड्या घालून कोटाच्या खिशात सारलं. यश आता पुन्हा विचारणार नव्हता, आणि आपणहून सांगणं त्यांच्याच्यानं होणार नव्हतं.