कुलुपांच्या दालनातली वहीवाली

संग्रहालयात पहाऱ्याला असलेल्या त्या बाईंना सगळे ‘घारबाई’ म्हणत. तोंडावर नव्हे, पाठीमागे. पण त्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. एकोणीस वर्षांत त्यांच्या दालनातली टाचणी हलली नव्हती. संशय त्यांच्या अंगातच मुरलेला. घरी पाहुणे आले, तरी कोण कितीदा उठून आतल्या खोलीत गेलं ते त्यांच्या लक्षात असे. मुलगी म्हणायची, “आई, तू दूधसुद्धा डोळे वटारून तापवतेस.”

त्यांच्याकडे दुसऱ्या मजल्यावरचं कुलुपांचं दालन होतं. तिकडे सहसा कुणी फिरकत नसे. म्हणूनच दर बुधवारी अकराच्या ठोक्याला येणारी एक बाई त्यांना खुपायला लागली. पन्नाशीची, साधीशी. बाकीच्या कुलपांकडे ढुंकूनही न बघता ती थेट कोपऱ्यातल्या काचपेटीपाशी जाई. तिथे एक मोठं कुलूप मधोमध चिरून ठेवलं होतं, पोटातल्या पितळी पट्ट्या दिसाव्यात म्हणून. ती काचेला नाक लावून तासभर बघे, वहीत काहीबाही काढे आणि मग डोळे मिटून, हातात किल्ली असल्यासारखी बोटं फिरवे.

“काय बघता एवढं?” घारबाईंनी एकदा विचारलंच.

“कुलूप,” बाई म्हणाली आणि तिने वही मिटली.

वही मिटली म्हणजे कुठेतरी पाणी मुरत होतं. घारबाईंनी संग्रहालयाच्या साहेबांच्या कानावर घातलं. साहेब हसले. “अहो, बघायलाच ठेवलंय ना ते?”

“बघायला ठेवलंय, शिकायला नाही,” घारबाई फणकारल्या.

पुढच्या बुधवारी त्यांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि वहीवालीच्या मागे निघाल्या. बसथांबा, शाळेची भिंत, शिंप्यांची गल्ली, आणि गल्लीच्या टोकाला एक चिंचोळं दुकान. दारात तारेला ओवलेल्या किल्ल्यांचे घोस लटकत होते. वहीवाली फळीखालून आत शिरली, पदर खोचला आणि कानस हातात घेतली. घारबाईंनी मान डोलावली. कुलुपं उघडणारीच! आता आणखी काय पुरावा हवा?

दुसऱ्या दिवशी पहाऱ्यावर जायच्या आधी, घरच्या कपाटाचं अडकलेलं कुलूप घेऊन त्या दुकानात हजर झाल्या. वहीवालीने ओळखलं. शेजारी खुर्चीत तिचा नवरा बसला होता. त्याने कुलूप घ्यायला हात पुढे केला, पण तो हात इतका थरथरत होता की कुलूप खाली पडलं. वहीवालीने ते उचललं, कानाशी धरलं, आत बारीक तार फिरवली. कट्‌! उघडलं.

नवऱ्याचे डोळे बारीक झाले. “बघितलंत?” तो घारबाईंना म्हणाला. “मी हिला यातलं अक्षर शिकवलं नाही. बायकांचं काम नव्हे, म्हणालो. आता माझे हात गेले, आणि हिला सगळं यायला लागलं. दर बुधवारी दोन तास गायब असते. कुठे जातेस विचारलं तर गप्प. दुसऱ्या कुणा कुलूपवाल्याकडे जात असणार.”

घारबाई त्या माणसाच्या नजरेकडे बघतच राहिल्या. ही नजर त्यांना फार जवळून माहीत होती.

“ती कुठे जाते ते मी सांगते,” त्या म्हणाल्या. “माझ्या दालनात. अडीच महिने झाले, मीच तिच्यावर पहारा ठेवलाय.”

वहीवालीने पिशवीतून वही काढून नवऱ्याच्या मांडीवर ठेवली. “तुम्ही नाही म्हणालात. मग मी कुणाला विचारणार होते? तिथं कुलूप उघडं ठेवलेलं दिसलं.”

तो कितीतरी वेळ पानं उलटत राहिला. मग एका चित्रावर थांबला. “ही चौथी पट्टी उलटी काढलीस.”

“तिथं तशीच आहे.”

“असं कुलूप चालेल तरी का?”

“मग येऊन बघा ना!”

बुधवारी तो बायकोच्या खांद्यावर हात टाकून जिना चढून आला. काचेपाशी वाकून त्याने बराच वेळ बघितलं. खरोखरच पट्टी उलटी होती. घारबाईंनी काचपेटीचं झाकण चाचपून बघितलं. एकोणीस वर्षांत पेटीला हात लावला कुणी? साहेबांनी जुनी नोंदवही काढली, तेव्हा कुठे उलगडा झाला. कुलूप चिरून जोडलं तेव्हाच चूक झाली होती, घारबाई कामाला लागायच्या कितीतरी आधी. त्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला खरा; पण इतकी वर्षं रोज बघूनही आपल्याला काहीच दिसलं नाही, ही बोच राहिली.

साहेबांनी पेटी उघडायला लावली. नवरा सांगत गेला, “हळू. आधी स्प्रिंग दाब. आता फिरव,” आणि बायकोच्या बोटांनी पट्टी सुलटी केली.

तेव्हापासून दोघं मिळून येऊ लागली. दुकानात गिऱ्हाइकांसमोर बायकोला शिकवायला त्याला अवघड वाटायचं. इथे काचपेटीपाशी खुर्चीत बसून तो मोकळेपणाने बोले. येणारे-जाणारेही थबकून ऐकत. एका बुधवारी घोळक्याच्या मागून घारबाईंनी विचारलं, “चुकीची किल्ली घातली, तर आत नेमकं अडतं कुठे?”

त्याने वळून त्यांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. “तुम्हाला कशाला हवंय ते?” त्याने विचारलं. मग मात्र खुर्ची जरा सरकवून त्यांना पुढे जागा करून दिली.