घडी न मोडलेली शाल

विस्तवावर तापणाऱ्या हलगीच्या कातड्याचा वास आला की मला दुष्काळातला तो सत्कार आठवतो. जपानहून एक नावाजलेले, वयस्कर ढोलवादक आमच्याकडची लेणी बघायला आले होते आणि आमच्या सहकारी सोसायटीनं त्यांचा सत्कार ठरवला. "स्वागताला हलगी पाहिजे," चेअरमन मला म्हणाले. मी सोसायटीचा सचिव. गावात तशी हलगी एका आबांचीच, पण बौद्ध झाल्यावर त्यांनी ती कायमची सोडली होती. हे ठाऊक असूनही मी गेलो. आबा नुकतेच खडी फोडून आले होते, भुवया धुळीनं पांढऱ्या झालेल्या. "आबा, पाव्हण्यांसाठी एकदाच वाजवा." ते शांतपणे म्हणाले, "त्यांनी वाजवलं की शाल, भाऊसाहेब. आमी वाजवलं की तुमच्या दारात वरनं टाकलेली भाकर. आता न्हाय वाजवत." सत्कार हलगीविनाच झाला. पाहुण्यांनी भल्यामोठ्या ढोलावर पहिला ठोका दिला आणि मांडवाचे पत्रे थरथरले. आबा पार मागं, चपलांच्या ढिगाशेजारी बसले होते. डोळे मिटलेले आणि बोटं मांडीवर चाललेली, एकही ठोका न चुकता. पाहुण्यांनी ते पाहिलं असावं. वाजवून झाल्यावर ते सरळ आबांपुढं गेले आणि कमरेत वाकले. आम्ही एक शाल जादा आणली होती, ती माझ्याच हातात होती, घडी न मोडलेली. ऐनवेळी सुचलं नाही, असं मी इतकी वर्षं सगळ्यांना सांगत आलोय. सुचलं होतं.