एनिडनं तपासलं, पूर्ण

एनिड ब्रॉडबेंटनं ‘पूर्ण’ लिहिलं म्हणजे पूर्ण. आमच्या यॉर्कशरच्या बाजारगावात लोक पाद्र्याच्या शब्दावर शंका घेतील, एनिडच्या चिठ्ठीवर नाही.

दानात आलेल्या वस्तू विकणाऱ्या आमच्या धर्मादाय दुकानात लोक चित्रांचे जुने जिगसॉ आणून टाकतात. त्यात एक तुकडा कमी निघाला की घेणारा आठवडाभर राबून शेवटी भोकाकडे बघत बसतो. म्हणून मागच्या टेबलावर एनिड प्रत्येक खोका स्वतः जुळवायची, मोडायची आणि वर चिठ्ठी चिकटवायची. बावीस वर्षं, फुकट. त्याआधी लोकरीच्या गिरणीत कापडातला तुटका धागा बोटांनी चाचपून शोधायचं काम तिचं. त्या बोटांना भोक सहनच व्हायचं नाही.

मग आला नवा मॅनेजर, गॅविन. “मिसेस ब्रॉडबेंट, तुमचं टेबल काढतोय. तिथं कोट लटकवू. जिगसॉ न तपासताच विकू. आजकाल कोण बघतं हो?”

मी गल्ल्यावर होते, माझं डोकं सणकलं. वाचनालय बंद पडू नये म्हणून दोनदा रस्त्यावर बसलेली बाई मी. निघालेच फलक रंगवायला. एनिडनं माझी बाही धरली. “तू गप गं.” मग त्याच्याकडे वळली. “तुला हवा तो खोका काढ, पोरा. शनिवारी दुकानाच्या काचेत बसून जुळवते. पाचच्या आत सांगते, पूर्ण की अपुरा. चुकले तर टेबल मीच उचलून बाहेर ठेवीन.”

गॅविन बेरकी. त्यानं बिस्किटांचा डबा काढला. पाचशे तुकडे, चित्राचा मागमूस नाही. झाकणावर पेन्सिलीनं एवढंच: ‘जॉर्ज राजांच्या काळातलं व्यंगचित्र. वात्रट.’

शनिवारी दहाला एनिड बसली. अकरापर्यंत काचेबाहेर दहा माणसं, दोनला रस्ता अडला! तेव्हाची चित्रं छापून वर हातानं रंगवत, घाईघाईत. एनिडनं ते बरोबर हेरलं. “गुलाबी जिथं रेषेबाहेर पळालाय, तिथं गाल असणार,” ती म्हणाली, आणि गाल निघाला. मग त्या गालाचा मालक निघाला: ढेरपोट्या नगरशेठ, अख्खा भाजलेला बैल गिळतोय. मागून डॉक्टर एनिमाची पिचकारी घेऊन धावतोय, आणि कुत्रं शेठच्या खाली पडलेल्या केसांच्या टोपावर तंगडी वर करून उभं!

“अरे, हा तर आपल्या कौन्सिलातलाच!” शेजारचा खाटीक क्लेम ओरडला. रस्ता खदखदून हसला. दोनशे वर्षांपूर्वी कुणीतरी सत्तेवाल्याची अशी विजार उतरवली होती. मला त्या माणसाचा मुका घ्यावासा वाटला.

पाचला दहा कमी. सगळं जुळलं, फक्त शेठच्या फाटलेल्या विजारीच्या मधोमध एक भोक.

“गेलं,” आत शिरलेला क्लेम हळहळला. “एनिड, लिहून टाक बाई, एक कमी. त्यात तुझा काय दोष?”

“अपुरा लिहिणार नाही.” एनिड उभी राहिली. “गुलाबी, वर पितळी बटण. सकाळी या बोटांखालून गेलाय तो. खोका पूर्ण आहे.”

“आणि नाही सापडला तर?”

“तर टेबल गेलं. पण खोटं लिहिणार नाही.”

झालं! क्लेम ॲप्रनसकट गुडघ्यांवर. कुणी बूट उलटे करतंय, कुणी गालिचा झटकतंय. आणि गॅविन? तो छताकडे बघत होता. मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. “खिसे उलटे कर.”

“म्हणजे काय? मी चोर...”

“कर म्हणते ना!”

तो कानापर्यंत लाल झाला. खिशातून हात निघाला, हातात गुलाबी तुकडा, वर पितळी बटण.

“चोरला नाही हो,” तो पुटपुटला. “आमच्या घरी नाताळात आजी एक तुकडा लपवायची. शेवटचा आपणच लावायचा म्हणून. मीपण... देणारच होतो, पण तुम्ही सगळे असे पेटलात की...”

 क्लेमच पहिला हसत सुटला, कारण त्याच्याही घरी असा एक लपव्या आहे. इथं कुणाच्या घरी नाही?

एनिड हसली नाही. “कधी उचललास?”

“अकराला. चहा द्यायला आलो तेव्हा.”

“म्हणजे सहा तास खिशात जपलास. आणि मला विचारतोस, कोण बघतं?”

गॅविननं तुकडा तिच्यापुढे धरला.

“लाव आता. तीन मिनिटं उरलीत.”

त्यानं शेठची विजार बुजवली. टाळ्या अशा पडल्या की काच हादरली!

टेबल जागच्या जागी राहिलं. डब्यावर एनिडची चिठ्ठी लागली: ‘एनिडनं तपासलं. पूर्ण.’ खाली, बारीक अक्षरात: ‘गॅविनचे खिसेही तपासले.’